एम.एस.मध्ये पडद्यावरचे सराव खरेच उपयोगी पडतात का?

“पडद्यावरची चित्रे जुळवून हिचे डोके पूर्वीसारखे चालणार आहे का?” मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एम.एस., हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार असलेल्या एका ताईंच्या यजमानांचा हा प्रश्न मला अनेक कुटुंबांकडून ऐकावा लागतो. ओळख पटू नये म्हणून येथे तपशील बदलले आहेत. ताई पुण्यात एका कर सल्लागाराकडे नोकरी करतात. चालताना त्यांचा डावा पाय जड होई, पण त्यांना अधिक धास्ती होती ती बिलावरची रक्कम वाचून संगणकात भरेपर्यंत आकडा मनातून निसटण्याची. आपल्याला विस्मृतीचा आजार जडला, असेच त्यांनी धरले होते.

तपासणीत मात्र स्मरणापेक्षा माहिती हाताळण्याचा वेग मंदावलेला आढळला. या आजारात मज्जातंतूंवरील मायलिन नावाचे आवरण ठिकठिकाणी नष्ट होते आणि संदेश रेंगाळतात. अमेरिकेत 135 रुग्णांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जमेल तसे अवघड होत जाणारे सराव 12 आठवडे घरी करणाऱ्यांची प्रगती साधे संगणकी खेळ खेळणाऱ्यांपेक्षा सरस ठरली होती. त्यामुळे हा निव्वळ विरंगुळा नव्हे, असे मी यजमानांना सांगितले. मात्र झीज त्याने भरून येत नाही, हेही स्पष्ट केले.

खरी अडचण वेळेची निघाली. ताई एप्रिलच्या दुपारी, कामावरून दमून आल्यावर सरावाला बसत, गुण घसरत आणि त्या रडत. शरीर तापले की आधीच मंद झालेले संदेश आणखी अडखळतात आणि गारवा मिळाला की सहसा पूर्ववत होतात. म्हणून घसरलेले गुण म्हणजे बळावलेला आजार नव्हे. आम्ही सराव सकाळी, पंख्याखाली, मध्ये विश्रांती घेऊन करायचे ठरवले. नवे लक्षण 24 तासांहून अधिक टिकले, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना लगेच कळवायचे. जड पायासाठी, पडद्याकडे पाहत कॅमेऱ्यासमोर पावले टाकण्याचा तोलाचा व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, मागे भिंत आणि हाताशी भक्कम खुर्ची ठेवूनच सुरू झाला.

पडद्यावरचे गुण वाढले म्हणून ऑफिसातले काम आपोआप सुधारेल, असे मी कधीच गृहीत धरत नाही. ताईंनी बिलावर पट्टी ठेवून एकेक ओळ भरायला आणि त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली. त्यांचा वेग थोडाच वाढला आहे. चुका मात्र बऱ्याच कमी झाल्या आहेत, आणि किचकट हिशेब सकाळी देण्यास त्यांचे वरिष्ठ राजी झाले आहेत.