डोंगरावर जसजसं वर जावं तसतसे कीटक कमी होतात का?

सरसकट नाही, कीटक कोणता यावर ते ठरतं. पूर्व हिमालयात पायथ्याशी मुंग्या उदंड. २५०० मीटरच्या वर मात्र शोधाव्या लागतात, कारण अळ्या वाढायला जमिनीत ऊब हवी. पतंगांच्या जाती बऱ्याच डोंगरांवर मधल्या उंचीवर सर्वाधिक असतात. मधमाशीच्या नात्यातल्या केसाळ बंबलबींचं उलटंच! त्यांना थंडी मानवते. उडण्याचे स्नायू थरथरवून त्या अंग तापवतात.

माझं आवडतं म्हणजे उंचावरचं अपोलो फुलपाखरू. पंखांच्या मुळाशी गडद रंग आणि अंगावर दाट केस. ऊन पडलं की पंख पसरून बसतं, अंग तापलं की मगच उडतं. तापमानवाढीत खरी काळजी अशांचीच वाटते: खालच्या जाती वर सरकू शकतात, शिखराजवळच्यांना वर जागाच उरत नाही.