सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी तपास थांबवू नका

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे आहेत. महिन्यापूर्वी दोन दिवस त्यांना लाल लघवी झाली. दुखलं काहीच नाही आणि नंतर आपोआप साफ झाली. सोनोग्राफी नॉर्मल आहे. रोजच्या ॲस्पिरिनमुळे असं झालं असेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ॲस्पिरिनवर खापर फोडू नका. त्या गोळीने रक्त जास्त वाहतं, पण ते कुठून येतं हे शोधावंच लागतं. न दुखता रक्त जाणं आणि मधेच थांबणं ही मूत्रमार्गातल्या गाठीची नेहमीची तऱ्हा आहे, त्यामुळे लघवी साफ झाली म्हणून निर्धास्त राहू नका.

सोनोग्राफीत मूत्रपिंडाची मोठी गाठ दिसते, लहान सुटू शकते. मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी नळी, तर आतड्यातल्या वायूमागे असते. ती फुगलेली नसेल तर बहुतेक भाग दिसतच नाही. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासून सीटी युरोग्राफी, म्हणजे लघवीचा सगळा मार्ग दाखवणारा सीटी स्कॅन, करा. ती तीन टप्प्यांत होते. आधी कॉन्ट्रास्टशिवाय (कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून देतात ते, स्कॅनवर पांढरं दिसणारं औषध), त्यात खडे कळतात. कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण १०० सेकंदांनी मूत्रपिंडाच्या मांसल भागातली गाठ उठून दिसते. मग साधारण ८ ते १० मिनिटं थांबून पुन्हा चित्रं घेतात. तोवर कॉन्ट्रास्ट लघवीत उतरलेलं असतं, मूत्रवाहिनी पांढरी भरते आणि गाठ असेल तिथे रिकामी जागा राहते. चिठ्ठीवर नुसतं ‘पोटाचा सीटी’ लिहिलेलं असेल तर हा शेवटचा टप्पा बहुधा होत नाही, आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो. वेळ घेतानाच विचारून घ्या. कॉन्ट्रास्टची पूर्वी ॲलर्जी झाली असेल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तेही सांगा.

अशी रिकामी जागा खड्याची किंवा रक्ताच्या गुठळीचीही असू शकते. खडा पहिल्याच टप्प्यात चकाकतो. गुठळी कॉन्ट्रास्ट शोषत नाही आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तर बहुधा गेलेली असते.

सीटी चांगला आला तरी मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी टाळू नका. वरच्या मार्गाचं (मूत्रपिंडातली पोकळी आणि मूत्रवाहिनी) आणि मूत्राशयाचं अस्तर एकच, त्यामुळे गाठी दोन्हीकडे असू शकतात. लघवीतल्या पेशींच्या तपासणीला सकाळची पहिली लघवी देऊ नका. रात्रभर साठून पेशी खराब होतात. दुसऱ्या वेळची ताजी द्या. ‘कॅन्सरपेशी नाहीत’ असा रिपोर्ट आला तरी कमी आक्रमक कॅन्सरची गाठ त्यातून निसटू शकते.

सीटीत शंका राहिली तर मूत्रवाहिनीत दुर्बीण घालून तुकडा घेतात. तो तांदळाच्या कणीएवढाच असतो. त्यावरून गाठीची आक्रमकता बऱ्यापैकी कळते, ती भिंतीत किती खोल गेली आहे हे अनेकदा कळत नाही.

विडी-सिगारेटची सवय डॉक्टरांपासून लपवू नका. झाडपाल्याची औषधंही सांगा: सापसण, म्हणजे ईश्वरी, या वेलीतलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रवाहिनीच्या कॅन्सरला कारण ठरतं. घरात मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तोही सांगा.

प्रश्न : आईच्या मूत्रपिंडात ३ सेंमीची घट्ट गाठ निघाली. सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात. बायोप्सी करावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मूत्रपिंडाच्या मांसल भागातल्या गाठीत सुईमुळे कॅन्सर पसरणं फार दुर्मिळ आहे. आधी रिपोर्टातले कॉन्ट्रास्टपूर्वीचे आणि नंतरचे एचयू आकडे (सीटीवरची घनता) पाहा. ३२ चे ७८ झाले, म्हणजे २० हून जास्त वाढले, तर गाठीला रक्तपुरवठा आहे. आत चरबी स्पष्ट दिसली तर ती बहुतेक वेळा साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली, गाठ असते. मात्र ऑन्कोसायटोमासारखी साधी गाठ आणि कॅन्सर यांतला फरक स्कॅनवर खात्रीने सांगता येत नाही. शस्त्रक्रियेऐवजी नुसती नजर ठेवायची किंवा गाठ जाळायची असेल, तर बायोप्सीचा उपयोग मोठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते आधी विचारा. तुकड्यातून निदान झालं नाही, तर त्याचा अर्थ ‘कॅन्सर नाही’ असा घेऊ नका; बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते.

गाठ लघवी साठणाऱ्या पोकळीच्या अस्तरातली वाटत असेल, तर पाठीतून सुई घालणं शक्यतो टाळतात. तिथे खालून दुर्बिणीनेच जावं.