राज्यशास्त्रातल्या पीएचडीसाठी अमेरिकेला अर्ज करतेस, तर

सप्रेम नमस्कार,

तुझी एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', दोनदा वाचली. पहिला परिच्छेद काढून टाक. आजोबांबरोबर ऐकलेल्या प्रचारसभा, वक्तृत्व स्पर्धेतली ढाल, 'लहानपणापासून राजकारणाची आवड' हे सगळं खरं असेल, वाचायलाही गोड आहे. पण प्रवेश समितीपुढे कित्येकशे अर्ज पडलेले असतात आणि जागा दहा-पंधरा. या मुलीला प्रश्न पडतो का, आणि पडला तर उत्तर कुठे शोधायचं हे तिला सुचतं का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

तू लिहिलंस, 'मला स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या महिला आरक्षणाचा अभ्यास करायचा आहे.' हा विषय झाला. यात प्रश्न कुठे आहे? मुंबई महापालिकेचंच घे. महिलांसाठी कोणते प्रभाग राखीव, हे सोडतीने ठरतं आणि पुढच्या निवडणुकीत बदलतं. 'दिग्गजांचे प्रभाग गेले' असा मथळा आपण वाचतो आणि पान उलटतो. रिखिल भावनानी यांनी तिथेच विचारलं, की आरक्षण उठल्यावर पुढे काय होतं? 1997 साली राखीव असलेले आणि 2002 साली खुले झालेले प्रभाग त्यांनी दोन्ही वेळा खुल्या असलेल्या प्रभागांशी ताडून पाहिले. आधी राखीव असलेल्या प्रभागांत बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. प्रभाग चिठ्ठीने ठरलेले, त्यामुळे 'तिथले मतदारच मुळात पुढारलेले' असं म्हणायलाही कोणाला जागा उरली नाही. तो लेख 2009 मध्ये 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू'त आला. आधी तो शोधून वाच.

आता तुझ्याकडे वळू. तुमच्या तालुक्यात राखीव जागेवरून सरपंच झालेल्या काही बायका मुदत संपल्यावर घरी बसतात, काही मात्र पुढच्या खेपेला खुल्या जागेवर उभ्या राहतात, हे तूच मला फोनवर सांगितलंस. हा फरक कशाने पडतो? बचत गट हाताशी असल्यामुळे? पक्षाने बळ दिल्यामुळे? की माहेर त्याच तालुक्यात असल्यामुळे? तुझी एसओपी इथून सुरू होते. तिसरी शक्यता तर मी अजून कुठे वाचलेली नाही. तिचं काय करायचं ते तू ठरव.

अर्जात उपशाखा निवडावी लागते. भारताचं राजकारण तिथे 'कम्पॅरेटिव्ह पॉलिटिक्स'मध्ये मोडतं. आपली पुष्कळ मुलं परराष्ट्र धोरणाची चर्चा ऐकून 'इंटरनॅशनल रिलेशन्स'वर टिक करतात आणि खाली पंचायतींबद्दल लिहितात. असा अर्ज भलत्याच लोकांपुढे जाऊन पडतो.

आपल्याकडे आधी पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) आणि मग गाइडची शोधाशोध, म्हणून तुला वाटतंय की कोणा प्राध्यापकाचा होकार आधी मिळवायला हवा. राज्यशास्त्रात तिथे तसं नसतं, कोणाला प्रवेश द्यायचा ते समिती ठरवते. गाइड बहुधा दोन वर्षांची कोर्सेस आणि त्यानंतरची परीक्षा होता होता ठरतो. तेव्हा 'रिस्पेक्टेड सर, काइंडली टेक मी अंडर युवर गायडन्स' असे पन्नास मेल पाठवू नकोस. एसओपीत मात्र दोन-तीन नावं घे, आणि त्यांचं काम तुझ्या प्रश्नाला नेमकं कुठे उपयोगी पडतं ते सांग. नाव घालण्यापूर्वी ती व्यक्ती अजून तिथेच शिकवते का हे बघ. तुझ्या यादीतले एक जण निवृत्त झालेत.

रायटिंग सँपल म्हणून एमएचा अख्खा प्रबंध जोडू नकोस. पंचवीस-तीस पानांत एक युक्तिवाद पुरा झालेला दिसला पाहिजे. नमुना हवा असेल तर बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये वाचलेला जातींवरचा निबंध घे. त्यात ते आधीच्या चौघांच्या व्याख्या तपासतात. त्यांतले एक आपले ज्ञानकोशकार केतकर, ज्यांनी स्वतः कॉर्नेलला पीएचडी केली. बाबासाहेब त्यांना मोकळेपणाने दाद देतात आणि मग म्हणतात, की तुम्ही जातीची जी दोन लक्षणं सांगता, जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जातीत जन्मानेच प्रवेश, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. तिथून ते जातीतल्या जातीत लग्नावर बोट ठेवतात आणि ते टिकवलं कसं जातं याचा माग काढतात. तेव्हा त्यांचं वय होतं पंचवीस. तुझ्या सँपलमध्ये मागच्यांची उजळणी अकरा पानं चालते आणि तू स्वतः बाराव्या पानावर बोलायला लागतेस.

रेकोबद्दल, म्हणजे शिफारसपत्रांबद्दल, जरा कडक बोलते. 'तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो' असं सर म्हणतील. नम्रपणे टाळ. त्याऐवजी त्यांना एक पानभर टिपण दे: कोणत्या पेपरला काय लिहिलं होतंस, त्यांनी कशावर शेरा मारला, तू मग काय बदललंस. 'सुशील, शिस्तप्रिय आणि कष्टाळू' असं पत्र तिथे कोणी वाचत नाही. विभागप्रमुखांचं पद मोठं म्हणून त्यांना धरू नकोस, ज्यांनी तुझं लिखाण वाचलंय त्यांना धर. पत्राची लिंक थेट त्यांच्या मेलवर जाते, म्हणून विद्यापीठाचा मेल आयडी माग. आणि अंतिम तारखेच्या आदल्या आठवड्यात फोन कर.

ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकासाठी, परीक्षा विभागात ऑगस्टमध्येच अर्ज टाक. टक्क्यांचं चारपैकी जीपीएमध्ये (तिथल्या सरासरी श्रेणीत) रूपांतर स्वतःच्या मनाने करू नकोस, ते मागतील तरच कर. तीन वर्षांच्या बीएवर अडवणारी विद्यापीठं आहेत, पण तुझं एमए झालंय. जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक झाली. तरी दहावीनंतर गणित सोडलेल्या मुलीला तिच्यातल्या गणिताच्या भागाचा, म्हणजे क्वांटचा, चांगला स्कोअर उपयोगी पडतो. संख्याशास्त्र आणि त्यासाठीची 'आर' ही संगणकभाषा आत्तापासून शिकायला घे, पहिल्याच सेमिस्टरला लागेल.

अर्जाची फी एका ठिकाणी साधारण 75 ते 125 डॉलर, म्हणजे दहा अर्जांना लाखभर रुपये. फी माफीसाठी विभागाला सप्टेंबरातच लिही. काही ठिकाणी ती फक्त अमेरिकन नागरिकांना असते. बहुतेक ठिकाणच्या अंतिम तारखा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतात.

कर्ज काढून पीएचडीला जायचं नाही, हे घरीही सांगून ठेव. फी माफ, विद्यावेतन आणि आरोग्य विमा नसलेला प्रवेश नाकारायचा, विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो. ऑफर आली की विचार: किती वर्षांची हमी, उन्हाळ्याचे पैसे मिळतात का, टीएचं, म्हणजे शिकवण्यात मदतनिसाचं, काम किती. बहुतेक विद्यापीठं 15 एप्रिलपर्यंत उत्तराला वेळ देतात.

आता तुझ्या घरच्यांना आवडणार नाही असं थोडं. 2025 पासून संशोधनाचा सरकारी पैसा आटला आणि कित्येक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. एफ-1 या विद्यार्थी व्हिसासाठी सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, आणि तू राजकारणावर लिहितेस. पाच-सहा वर्षांनी प्राध्यापकाची नोकरी मिळेलच असं नाही. नुसतं अमेरिकेत स्थायिक व्हायचं असेल तर हा रस्ता फार लांबचा आहे.

त्यामुळे यंदा दहाऐवजी सहाच अर्ज कर. नाही जमलं तर वर्ष-दोन वर्षं लोकनीतीसारख्या, निवडणुकांची सर्वेक्षणं करणाऱ्या संस्थेच्या कामात घाल. प्रश्नावली घेऊन गावात फिरलेल्या मुलीच्या एसओपीला वेगळं वजन येतं, आणि एक खरं रेकोही मिळतं. मला तर वाटतं जमलं तरी एक उन्हाळा हे कर.

सरपंच बायकांवरचं दोन पानी टिपण पुढच्या रविवारपर्यंत पाठव. वर्डमध्ये, पीडीएफ नको. मला त्यावर लाल करायचंय. आणि मॅडम म्हणणं सोड आता.

तुझी,
ताई