रिपोर्टात 'लीजन' आलंय, म्हणजे कॅन्सरच का मॅडम?

हा प्रश्न माझ्याकडं सारखा येतो, म्हणून सोलापूरच्या विडी घरकुलातल्या (विडी कामगारांची वसाहत) एका मावशींचं सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

वय 47, आयुष्यभर विड्या वळल्या, बोटांची टोकं तपकिरी झालेली. खोकला हटेना म्हणून छातीचा सीटी काढलेला. मुलगा आईला बाहेर बाकड्यावर बसवून एकटाच आत आला. रिपोर्टात दोन शब्दांभोवती पेनानं इतके गोल मारलेले की कागद फाटायला आलेला, फुफ्फुसात 5 मिमीचा 'नोड्यूल' आणि लिव्हरवर 'लीजन'. रात्रभर मोबाईलवर वाचत बसला होता. "आईला काय सांगू नका मॅडम, मला लई भीती वाटालीय, बार्शीला न्यावं लागंल का?" बार्शी म्हणजे तिथलं कॅन्सर हॉस्पिटल, आमच्या जिल्ह्यात नुसतं गाव म्हटलं तरी कळतं.

मी डॉक्टर नाही, निदान सांगणं माझं काम नाही, पण शब्द तरी नीट समजावेत. लीजन म्हणजे इथली जागा आजूबाजूपेक्षा वेगळी दिसतीय, एवढंच. भाजल्याची जखम, तोंड आल्यावरचा फोड, तेपण लीजनच. नोड्यूल म्हणजे छोटी गोलसर गाठ, फुफ्फुसात 3 सेंमीपर्यंत नोड्यूल म्हणतात, त्यापुढं मास. आपल्याकडं गाठ म्हटलं की पोटात गोळाच येतो, पुढचं कोण वाचतंय? त्याला मी त्याच ओळी शेवटपर्यंत वाचायला लावल्या. एकीत 'कॅल्सिफाइड' (कॅल्शियम जमलेली) होतं, दुसरीत 'बहुधा हिमँजिओमा' (रक्तवाहिन्यांची साधी गाठ). हे त्यानं बघितलंच नव्हतं.

मग आईला आत घेतलं. जिच्या अंगातली गाठ तिलाच सांगायची नाही हे मला पटत नाही, आणि पोरगं दोन दिवस जेवेना यावरनं त्यांनी ओळखलंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरांकडं गेलो. कॅल्शियम जमलेली गाठ बहुतेक जुन्या टीबीची खूण (मावशींच्या नवऱ्याला टीबी होऊन गेलेला), आणि लिव्हरवरचं म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, त्याचा कॅन्सर होत नाही, सोनोग्राफीत बघून खात्री करू म्हणाले. थायरॉइडचंही तसंच, तिथल्या 10 गाठींतल्या 9 साध्याच निघतात. पण म्हणून सगळंच सोडून द्यायचं नाही हं, स्तनात नवी गाठ हाताला लागली तर दुखत नाही म्हणून थांबू नका, दुखत नाही म्हणजे साधी हा समज फार घातक आहे, मी त्यापायी उशीर झालेल्या बायका बघितल्यात.

उठता उठता मावशी म्हणाल्या, "बाकी काय नाही, तिखट खाल्लं की तोंडात झोंबतंय." रोज दोन वेळा मिश्री. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं तर गालाच्या आत पांढरा चट्टा, पुसून न जाणारा, चार महिन्यांपासनंचा. रिपोर्टातल्या दोन शब्दांनी घर हादरलेलं आणि याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. दोन आठवड्यांत बरा न होणारा चट्टा किंवा जखम, त्यात तंबाखू-मिश्री असेल तर, दाखवायचीच.

तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता पण पेशी बदलायला लागलेल्या. मिश्री सुटायला दीड महिना गेला, दोनदा परत सुरू झाली, त्यासाठी माझ्याकडं येत राहिल्या. आता दर तीन महिन्यांनी तोंड दाखवून येतात.

परवा पिशवीतनं शेंगा चटणीचा पुडा काढून टेबलावर ठेवला, म्हणाल्या, "घरचीय, आता मलापण थोडी थोडी खाता येतीय."