कोवर्किंगमध्ये (अनेकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या ऑफिसात) डेस्क घेताय? आधी हे बघा

सांगितलेल्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ६,००० चं डेस्क ७,०८० ला पडतं. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर स्वतःचा नंबर टाकून घ्या, क्रेडिट मिळतं, म्हणजे हा कर तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा होतो.

महिन्याचे पैसे भरण्याआधी एक दिवसाचा पास काढा आणि सोमवारी दुपारी बाराला जाऊन बसा. रविवारी दाखवायला नेतात तेव्हा वायफाय सुसाटच असतं! स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघा. व्हिडिओ कॉल अडखळतो तो बहुधा त्याच्यामुळे. एसी किती वाजता बंद होतो, लाइट गेल्यावर राउटर यूपीएसवर चालतो का, तेही विचारा.

हॉट डेस्कवर जागा ठरलेली नसते, रिकामी मिळेल तिथे बसायचं, त्यामुळे रोज मॉनिटर वाहून न्यावा लागतो. मॉनिटर असेल तर सरळ ठरलेलं डेस्क आणि कुलपाचा ड्रॉवर घ्या.

त्या पत्त्यावर जीएसटी नोंदणी करायची असेल तर करारनामा, मालकाचं ना-हरकत पत्र आणि ताजं वीजबिल देणार का, हे पैसे भरण्याआधी मेलवर लिहून घ्या. तोंडी ‘हो’ सगळेच म्हणतात. पाहणीला अधिकारी येऊ शकतो, त्यामुळे दर्शनी भागात नावाची पाटी लावू देतात का तेही विचारा.

लॉक-इन (ज्या काळात डेस्क सोडता येत नाही) आणि नोटीस (सोडण्याआधी किती दिवस कळवायचं) वेगवेगळे असतात. डिपॉझिट बहुतेक तिथेच अडकतं.