बीमा अस्पताल ते मेडिक्लेम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. आमचे सासरे मालवा मिलमध्ये होते. घरात कोणाला ताप आला, कोणाचं बाळंतपण असलं की नंदानगरच्या बीमा अस्पतालात जायचं, कार्ड दाखवायचं, औषधं घेऊन घरी यायचं, पैशाचं नाव नाही. आता मुलगा विजय नगरला एका कंपनीत आहे, दर वर्षी मेडिक्लेमचा चांगला मोठा हप्ता भरतो, तरी माझ्या बीपी-शुगरच्या गोळ्या आम्ही खिशातूनच आणतो. भाची जर्मनीत असते, ती म्हणते तिकडे सगळ्यांचाच विमा असतो. मग आपण पुढे जायच्या ऐवजी मागे कसे आलो?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण हप्ता किती आणि कंपनी कुठली हे सगळेच विचारतात, पण हे असं का झालं ते कोणी विचारत नाही. सासऱ्यांना जे मिळत होतं आणि मुलगा आज जे विकत घेतो त्या दोन्हींची मुळंच वेगळी आहेत. एकात औषधपाणी मिळायचं, दुसऱ्यात बिल भरून मिळतं. आपल्या देशात पहिल्याची वाढ खुंटली आणि दुसरं फोफावलं, माझ्या मते सगळी गोष्ट एवढ्यात आहे.

आधी जर्मनीचं सांगतो, कारण सुरुवात तिथूनच आहे. 1883 साली तिथले चान्सलर बिस्मार्क यांच्या काळात तिथे कायदा झाला की ठराविक उद्योगांतल्या कामगारांचा आजारपणाचा विमा सक्तीचा, दोन भाग पैसे कामगाराचे, एक भाग मालकाचा, आणि तो पैसा ठेवायला फंड, जे कामगार-मालक मिळून चालवायचे. पण लक्षात घ्या, तेव्हा सगळा देश त्यात नव्हता. हळूहळू एकेक गट जोडत गेले, शेतकरी आले 1972 मध्ये, विद्यार्थी 1975 मध्ये, आणि प्रत्येकाला विमा हवाच हा नियम लागू झाला 2009 साली. म्हणजे भाची जे बघते ते व्हायला सव्वाशे वर्षं लागली, पण वाट एकच राहिली, गट वाढत गेले.

आपल्याकडेही सुरुवात तशीच झाली होती. कामगारांची स्थिती तपासायला इंग्रज सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनने 1931 मध्ये कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा विषय काढला, पुढे प्रा. बी. पी. अदारकर यांना योजना आखायला सांगितली, त्यांचा अहवाल 1944 मध्ये आला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं कोणाकडे होतं माहितीये? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे, आपल्या इथून जवळच महूला जन्मलेले. 1948 साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 ला पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूरला योजना सुरू झाली, त्याच दिवशी दिल्लीतही. यालाच आपण सगळे ईएसआय म्हणतो आणि इंदूरच्या मिल एरियात नुसतं 'बीमा'.

या योजनेत नुसतं बिल भरणं नव्हतं हो. तिचे स्वतःचे दवाखाने, स्वतःचे डॉक्टर, स्वतःची अस्पतालं. खोकल्यापासून ऑपरेशनपर्यंत सगळं, पुढे बायको-मुलंही त्यात, आणि आजारपणात कामावर जाता नाही आलं तर बुडालेल्या पगाराचा काही भागसुद्धा, तो आजही मिळतो, साधारण 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत. त्या काळात एवढा विचार केला गेला याचं मला आजही फार मोल वाटतं.

मग ते सगळ्यांपर्यंत का नाही पोचलं? एक तर पगार असेल तरच त्यातून विम्याचा हप्ता कापता येतो ना, आणि आपल्याकडे बहुतेक लोक शेतीत, दुकानात, रोजंदारीवर. दुसरं म्हणजे देशाने बाकीच्यांसाठी विम्याचा रस्ता धरलाच नव्हता. 1946 मध्ये देशाच्या आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीचा अहवाल आला, त्यात म्हटलं होतं की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, आणि त्यासाठी सरकारी दवाखान्यांचं जाळं हवं, 10 ते 20 हजार लोकवस्तीमागे 75 खाटांचं एक अस्पताल इतकं मोठं स्वप्न होतं ते. म्हणजे विचार असा की सरकारी अस्पताल सगळ्यांना मोफत असेल तर विमा हवाच कशाला. विचार योग्यच होता असं मी आजही म्हणेन, पण त्याला लागेल तेवढा पैसा सरकारांनी कधी घातलाच नाही, राज्याच्याही नाही आणि केंद्राच्याही नाही. इंदूरच्या एमवाय या सरकारी अस्पतालाच्या ओपीडीतली गर्दी बघा, आसपासच्या सगळ्या जिल्ह्यांतून लोक येतात, डॉक्टर मंडळी कुठपर्यंत पुरी पडणार.

मधल्या काळात ज्याला जमेल त्याने आपापली सोय करून घेतली. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना 1954 पासून सीजीएचएस ही त्यांची वेगळी आरोग्य योजना, रेल्वेची वेगळी अस्पतालं, फौजेची वेगळी. तुम्ही कुठे नोकरी करता त्यावर तुमचं औषध ठरायला लागलं आणि दुकानदार, वकील, ट्यूशनवाले, पूजा सांगणारे गुरुजी, हे सगळे बाहेरच. त्यांच्यासाठी म्हणून 1986 साली मेडिक्लेम आलं. त्याआधी 1973 मध्ये 107 विमा कंपन्या एकत्र करून चार सरकारी कंपन्या बनवल्या होत्या, त्यांनीच हे आणलं. इथेच वाट बदलली ताई. कंपनीकडे ना डॉक्टर ना दवाखाना, ती फक्त बिल बघणार, तेही साधारण 24 तास भरती राहिलात तरच. रोजच्या गोळ्या हा तर दर महिन्याचा ठरलेला खर्च, अचानक आलेलं संकट नाही, म्हणून तो त्या हिशोबात बसवलाच नाही. आता काही पॉलिसींत ओपीडी मिळते पण तिचा हप्ता वेगळा.

पुढचं भराभर सांगतो. 1999 मध्ये आयआरडीए कायदा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था, 2000 पासून प्रायव्हेट कंपन्या, आधी खिशातून भरा मग क्लेम करा असं होतं ते टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या मधल्या संस्था) आल्यावर कॅशलेस झालं, त्यांचे नियम 2001 चे. पण हप्ते का चढले त्याचं एक मोठं कारण 2007 मध्ये आहे, तोपर्यंत आगीच्या विम्याचे दर सरकारी दरपत्रकाने बांधलेले होते, त्यात कंपन्यांना चांगलं सुटायचं आणि आरोग्य विम्यातला तोटा त्यातून भरून निघायचा. दर मोकळे झाले, आगीच्या विम्यात चढाओढ लागून तो स्वस्त झाला, मग आरोग्य विम्याला आपला खर्च आपणच काढावा लागला. त्यात अस्पतालांची बिलं वाढतच होती, 2010 मध्ये तर सरकारी कंपन्यांनी मुंबई-दिल्लीच्या बऱ्याच मोठ्या अस्पतालांत कॅशलेस बंदच केलं होतं, दर ठरवून घेईपर्यंत.

गरिबांसाठी 2008 मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, 30 रुपयांत नोंदणी, घरातल्या पाच जणांना मिळून वर्षाला 30 हजार. 2018 मध्ये तिच्या जागी आयुष्मान भारत ही केंद्राची योजना आली, कुटुंबाला 5 लाख. पण तेसुद्धा बिल भरणंच, भरती झालात तर. गोळ्या तिथेही नाहीत.

आता तुमच्या मुलाचं. तो ईएसआयमध्ये का नाही, तर पगाराची मर्यादा. सुरुवातीला ती महिना 400 रुपये होती, वाढत वाढत 2017 पासून 21 हजार. त्याच्यावर पगार असला की बाहेर. एवढा मोठा हप्ता तो भरतोय म्हणजे पगार नक्कीच वर असेल, पण 25-30 हजारवाल्या मुलांचं बघा, ते ना ईएसआयमध्ये ना (बऱ्याचदा) आयुष्मानमध्ये, आणि प्रायव्हेट पॉलिसी परवडत नाही. ही मर्यादा वाढायलाच हवी, हे मी प्रत्येक वेळी लिहीन.

आणि हो, वाचकांपैकी कोणाकडे निवृत्त कामगार असतील तर ऐका, किमान 5 वर्षं विमाधारक राहून वयानुसार निवृत्त झालेल्याला वर्षाला फक्त 120 रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला ईएसआयमध्ये उपचार मिळतात. खूप लोकांना हे माहितीच नसतं, जुनी कागदं फेकू नका. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली आणि तिथल्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला, ज्यांनी कागद जपले त्यांना हिशोब दाखवणं सोपं गेलं असणार.

प्रश्न : माझं वय 67, शुगर आहे. एजंट म्हणाला काका आता तुम्हाला पॉलिसी मिळणारच नाही. खरं का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : काका, वयाचं कारण आता चालत नाही. आधी 65 पर्यंतच्यांना पॉलिसी देणं कंपन्यांना बंधनकारक होतं, पुढचं त्यांच्या मर्जीवर, विमा नियामकाच्या 2024 च्या नियमांनी ती अट काढली. कंपनी तब्येत बघून जास्त हप्ता सांगू शकते किंवा नाही म्हणू शकते, पण एका कंपनीने नाही म्हटलं तर दुसरीकडे विचारा. शुगर मात्र लपवू नका, कृपा करून. जुन्या आजारासाठी थांबायची मुदत आधी 4 वर्षांपर्यंत असायची, ती आता जास्तीत जास्त 3 वर्षं केलीय, आणि पॉलिसी सलग 5 वर्षं चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनी आधी न सांगितलेल्या माहितीवरून क्लेम नाकारू शकत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटीही गेलाय, एजंटने जुना आकडा सांगितला असेल तर परत विचारा.

आणि तीन वर्षांनी तुम्ही 70 चे व्हाल तेव्हा आयुष्मानचं कार्ड काढाच. ऑक्टोबर 2024 पासून 70 आणि त्यावरच्यांना उत्पन्नाची अट नाही, श्रीमंत-गरीब सगळे, आधार लागतो, आणि आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरतात, थांबायचं काही नाही. प्रायव्हेट पॉलिसी असली तरी चालतं.

प्रश्न : डिस्चार्ज सकाळी सांगितला, विमा कंपनीचं अप्रूव्हल येईपर्यंत रात्र झाली आणि अस्पतालाने रूमचा आणखी एक दिवस लावला. हे पैसे कोणी द्यायचे?
— एक वाचक, तिलक नगर, इंदूर

उत्तर : कंपनीने, जर उशीर तिच्याकडून असेल तर. 2024 च्या नियमाप्रमाणे अस्पतालाची डिस्चार्जची रिक्वेस्ट पोचल्यापासून 3 तासांत कंपनीने उत्तर द्यायचं असतं, त्याच्यावर वेळ गेला तर त्यामुळे वाढलेला खर्च कंपनीचा. पण बऱ्याचदा अस्पतालाचं बिल तयार होऊन जायलाच उशीर होतो, म्हणून बिल डेस्कवरून रिक्वेस्ट किती वाजता पाठवली ते लिहून मागा आणि अप्रूव्हलचा मेसेज डिलीट करू नका, त्यावर वेळ असते. दोन्ही जोडून आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिनाभर उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी) जा, मध्य प्रदेशचं ऑफिस भोपाळला आहे, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.