पोल एकने वर, एकने खाली: मग उद्या काय वेगळं करणार?

निवडणूक जवळ आली आणि मतदारांचा कल मोजणारे पोल सुरू झाले, की माझ्याकडे समुपदेशनासाठी एकाच धाटणीच्या तक्रारी यायला लागतात. "रात्री दोनदा उठून आकडे बघते." "मीटिंग चालू असताना टेबलाखाली फोन धरून पोल चाळतो." "आपला माणूस एका टक्क्याने मागे पडला की दिवसभर घास उतरत नाही." आणि मग ठरलेला प्रश्न: हे काही आजाराचं लक्षण आहे का, आणि थांबवायचं कसं?

२०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून हे फार ऐकलं. त्यातली एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायची परवानगी घेतली आहे.

ती चाळिशीच्या आतबाहेरची. राहणार फिलाडेल्फियाच्या उपनगरात, माहेर कोल्हापूर. औषधकंपनीत बायोस्टॅटिस्टिशियन, म्हणजे आकडे हाच तिचा धंदा. मुलगी सहावीत, नवरा आयटीत. मुलगी शाळेच्या बसमध्ये बसली की तिच्या सकाळी साडेसातला, आपल्या संध्याकाळी पाचला, आम्ही स्क्रीनवर भेटायचो. पहिल्याच भेटीत तिने फोनवरचे टॅब दाखवले. तीन पोल-सरासरीच्या साइट, दोन भाकितांच्या, एक सट्ट्याची. सगळीकडे पेन्सिल्व्हेनियाचं पान उघडं.

अमेरिकेत अध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही. राज्यागणिक मिळून ५३८ इलेक्टोरल मतं असतात आणि २७० मिळवणारा जिंकतो. बहुतेक राज्यांचा कौल आधीच ठाऊक असतो, म्हणून खरी झुंज ज्यांचा नेम नाही अशा थोड्या राज्यांत, स्विंग स्टेट्समध्ये. त्या वर्षी अशी सात राज्यं धरली जात होती आणि पेन्सिल्व्हेनिया त्यातलं सर्वांत मोठं, १९ मतांचं. कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांची १० सप्टेंबरची वादचर्चाही फिलाडेल्फियातच झाली. टीव्हीवर जाहिरातींचा मारा, टपालपेटीत रोज पत्रकांचा गठ्ठा. संध्याकाळी दारावर थाप पडे आणि कोणीतरी तरुण मुलगा हसून विचारे, मतदार नोंदणी झाली का?

"आणि मला दर वेळी सांगावं लागतं, मी मत देऊ शकत नाही," ती म्हणाली. "सोळा वर्षं कर भरतेय. पुढचा अध्यक्ष म्हणे माझ्या गल्लीत ठरणार आहे. आणि मी दारात उभी राहून त्या पोराला पाणी विचारते."

ती एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होती. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या, रांगेत भारतीयांचा नंबर किती वर्षांनी लागतो हे मराठी वाचकांना वेगळं सांगायला नको. नवऱ्याची नोकरी एच-फोरवाल्यांना, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या जोडीदारांना, मिळणाऱ्या वर्क परमिटवर, आणि ही सवलत काढून घ्यायची भाषा ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत झाली होती. ती निघाली नाही, पण टांगती तलवार राहिली.

तिला धीर यावा म्हणून मी सांगितलं, की अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२४ च्या पाहणीत ६९ टक्के प्रौढांनी ही निवडणूक आपल्या ताणाचं मोठं कारण असल्याचं म्हटलंय. २०१६ मध्ये हेच प्रमाण ५२ टक्के होतं. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "सॅम्पल केवढं होतं?"

तिथे मला या केसची मेख सापडली. आपण समजतो की माणूस आकड्यांना घाबरतो कारण त्याला आकडे कळत नाहीत. एकदा समजावून दिलं की भीती जाईल. हिला कोण समजावणार? उलट तिनेच मला शिकवलं. आठशे लोकांना विचारलं तर साधारण साडेतीन टक्के इकडे-तिकडे धरायचे, आणि तेही प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला वेगळे. दोघांमधल्या फरकाला जवळजवळ दुप्पट. म्हणजे काल ४८-४७ होतं आणि आज ४७-४८ झालं, तर काहीच घडलेलं नाही. शिवाय फोन उचलणारे आणि न उचलणारे यांचा कौल वेगळा असला तर सॅम्पल कितीही वाढवून उपयोग नाही. २०१६ आणि २०२० या दोन्ही वेळी पोलनी ट्रम्पना कमी लेखलं होतं. २०२० च्या ऑक्टोबरात एका नामांकित पोलने विस्कॉन्सिनमध्ये बायडेन यांना १७ टक्क्यांची आघाडी दिली होती आणि प्रत्यक्षात ते एका टक्क्याहून कमी फरकाने जिंकले. हे सगळं तिला तोंडपाठ. २०२४ च्या जूनमध्ये आपल्याकडे लोकसभेचे एक्झिट पोल कसे आपटले, एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेऊन ठेवलं आणि गाडी २९३ वर थांबली, यावरही ती पोटभर हसली होती.

आणि तरी पहाटे चारला उठून फोन बघायची. हॅरिस दोनने पुढे दिसल्या की मनातल्या मनात तीन वजा करायची, आणि मग उरलेल्या उणे एकाने दिवसभर अस्वस्थ राहायची.

या बघण्याला आमच्या कामात साधं गणित आहे. भीती वाटते, खात्री करून घ्यावीशी वाटते, बघितलं की घटकाभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानेच पुढच्या वेळी हात लवकर जातो. गॅस बंद केला का हे पुन्हा पुन्हा बघणाऱ्याचं असंच असतं. फरक एवढाच, की गॅसचं बटण निदान बंद असतं. इथे निकाल लागेपर्यंत खात्री कुणाकडेच नाही, त्यामुळे बघण्याला अंतच नाही. आणि कौल कुठलाही असो, हे चुकत नाही. त्याच दिवसांत टेक्सासमधले एक गृहस्थ यायचे, ट्रम्प यांचे कट्टर समर्थक. "पोल सगळे विकलेले," म्हणायचे आणि रात्रभर सट्ट्याचे भाव बघत बसायचे. छातीतली धडधड दोघांची सारखीच.

फोन दूर ठेवा, बातम्या बंद करा, असं मी तिला सांगितलं नाही. हा सल्ला देणाऱ्याला सोपा असतो, एवढाच त्याचा गुण. अमेरिकन लेखांतून दुसरा एक सल्ला सर्रास दिसतो: चिंतेचं रूपांतर कृतीत करा, मत द्या, देणगी द्या, प्रचाराला जा. ग्रीन कार्ड नसलेल्या माणसाला यातल्या पहिल्या दोन गोष्टींची कायद्यानेच मनाई आहे. तिसरी, बिनपगारी, चालते. पण व्हिसावरचा माणूस त्या वाटेला जायला कचरतो. माझ्या मते तिचं पोल बघणं हे तिच्या परीने मतदानच होतं. हातात दुसरं काहीच नव्हतं.

मी तिला एक तक्ता करायला सांगितला. तिच्याच भाषेत बोलायचं म्हणून. पहिल्या रकान्यात कुठला पोल, किती. दुसऱ्यात, बघून काय वाटलं. तिसऱ्यात, हा आकडा बघून मी आज काय वेगळं केलं. पुढच्या भेटीला तिने स्क्रीन शेअर केली. दुसरा रकाना गच्च भरलेला: "पोटात गोळा", "जरा हुश्श", "यांचा पोल नेहमी तिकडेच झुकतो, तरी". तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

"एकही ओळ नाही," ती म्हणाली. जरा वरमून.

"मग उद्या समजा पाचने वर गेला, तर उद्या काय वेगळं कराल?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "आईला फोन करीन."

"आणि पाचने खाली गेला तर?"

"तरी आईलाच."

तोवर आईचा विषयच निघाला नव्हता. त्या दिवशी निघाला. २०२० च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात तिचे वडील कोविडने गेले. भारतात यायला विमानं मिळत होती. प्रश्न परतण्याचा होता. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला, अमेरिकी वकिलातीचं नेहमीचं काम बंद, आणि वर जूनमध्ये निघालेला अध्यक्षीय आदेश: वैध शिक्का नसलेल्या एच-वन-बीवाल्यांना वर्षअखेरपर्यंत प्रवेश नाही. इकडे सात वर्षांची मुलगी आणि नोकरी. ती गेली नाही. दहाव्याचे विधी पंचगंगेच्या घाटावर चुलतभावाने केले आणि कोणीतरी फोन धरून तिला दाखवले. धरणाऱ्याचा हात दुखायला लागला असावा. बराच वेळ तिला नुसत्या चपला दिसत होत्या.

आता आई त्या घरात एकटी, वय एकाहत्तर. म्हणजे पेन्सिल्व्हेनियाच्या पानावर ती जे शोधत होती ते हे होतं: आईला काही झालं तर मला जाता येईल का, आणि परत येता येईल का? हा प्रश्न त्या आठशे लोकांना कोणी विचारलाच नव्हता. भीती खोटी नव्हती, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. जे एकदा होऊन गेलंय त्याला मनाचा खेळ म्हणणं बरं नव्हे. फक्त त्याचं उत्तर मिळायची जागा दुसरी होती: इमिग्रेशन वकील, पासपोर्टवरचा शिक्का आणि कोल्हापुरातलं घर.

वकिलाने तासाभरात बरंच मोकळं केलं. तिच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-वन-फोर्टी अर्ज मंजूर होता, त्यामुळे सहा वर्षांची मर्यादा उलटली तरी एच-वन-बीची मुदत वाढत राहू शकत होती. शिक्का मात्र पुन्हा संपला होता, तो अमेरिकेबाहेर जाऊनच मिळणार, म्हणून भारतात घ्यायचा. मग आम्ही तोच तक्ता उलटा मांडला. हॅरिस आल्या तर डिसेंबरात जायचं का? हो, आईला भेटून चार वर्षं होत आली. ट्रम्प आले तर? हो, आणि २० जानेवारीच्या शपथविधीआधी परतायचं. दोन्ही रकान्यांत एकच उत्तर, मग वाट कशाची बघायची? मुंबईच्या वकिलातीतली तारीख आणि विमानाची तिकिटं तिने ऑक्टोबरातच काढली. आईच्या शेजारी राहणाऱ्या डॉक्टरांशी ती स्वतः बोलली. रात्री आईच्या सोबतीला एक बाई ठेवायची ठरली. त्यावर आईने फोनवर जी खरडपट्टी काढली तो वेगळा किस्सा.

दुसरी कामगिरी नवऱ्याकडे होती. ती रोज रात्री त्याला विचारायची, "काय होईल रे?" आणि तो म्हणायचा, "काही होत नाही गं." दोन मिनिटं बरं वाटायचं, मग तीच उत्तरात खोट काढायची. हाही पोलच, घरगुती. त्याला मी सांगितलं, खरं तेच बोला. पहिल्या रात्री तो म्हणाला, "मला ठाऊक नाही. चहा टाकू का?" ती चिडली. काही दिवसांनी विचारणं आपसूक कमी झालं.

मलाही ती विचारायचीच, तुम्हाला काय वाटतं, कोण येईल? मी उत्तर दिलं नाही. त्या खुर्चीत बसून मी काहीही बोलले असते तरी ते पहिल्या रकान्यात गेलं असतं.

पोल बघणं पूर्ण बंद झालं नाही. दिवसातून एकदा, जेवण झाल्यावर, बसून, अंथरुणात नाही. मध्येच हात गेला तर पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग हवं तर बघायचं. बहुतेकदा पंधरा मिनिटांनी दुसरंच काहीतरी निघे.

२ नोव्हेंबरला, शनिवारी, आयोवाचा पोल आला. ॲन सेल्झर हे पोलवाल्यांतलं फार मोठं नाव, आणि त्यांच्या पोलमध्ये हॅरिस ४७, ट्रम्प ४४. आयोवा ट्रम्प यांचंच धरलेलं राज्य. आमच्याकडे रविवारची पहाट; फोनवर तिचा निरोप, "आयोवा!!!" आणि खाली नाचणाऱ्या बाईची तीन चित्रं. त्या रात्री ती छान झोपली. मला मात्र वाईट आकड्यापेक्षा या चांगल्या आकड्याची जास्त काळजी वाटली. वाईट पोल माणसाला दमवतो. चांगला पोल बघण्याची चटक पुन्हा लावतो. सोमवारी पहाटे चारला ती पुन्हा जागीच होती. आयोवा ट्रम्प यांनी १३ टक्क्यांनी जिंकलं.

निकालाच्या रात्रीचं आधीच ठरलेलं होतं: दहाला टीव्ही बंद, फोन नवऱ्याकडे. पेन्सिल्व्हेनियात टपाली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडताच येत नाहीत. २०२० मध्ये निकालाला शनिवार उजाडला होता, तेव्हा जागून काही हाती लागणार नव्हतं. ती दहाला झोपली नाही, साडेअकराला झोपली. पहाटे राज्य गेलं आणि देशही. ट्रम्प यांनी सातही स्विंग स्टेट्स घेतली, ३१२ विरुद्ध २२६.

त्या आठवड्याच्या भेटीत ती रडली. शेजाऱ्यांवर रागावली, त्या हसऱ्या पोराची आठवण काढून आणखी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पेन्सिल्व्हेनियात फरक दोन टक्क्यांच्या आतच निघाला. म्हणजे पोल तसे बरोबरच होते." मी हसले, ती नाही हसली.

डिसेंबरात ती कोल्हापूरला जाऊन आली, शिक्का मिळाला, शपथविधीच्या आधी परतली. नवऱ्याच्या वर्क परमिटची काळजी आहे. त्याच्या नोकरीशिवाय घराचे हप्ते कसे भागतील याचा हिशेब दोघांनी मांडून ठेवलाय आणि जुनी गाडी आणखी तीन वर्षं चालवायचं ठरवलंय. पोलचे टॅब गेले. त्यांच्या जागी आता व्हिसा बुलेटिनचं पान उघडं असतं, ग्रीन कार्डाची रांग किती पुढे सरकली ते सांगणारं. ते महिन्यातून एकदाच निघतं, तरी ती आठवड्यातून दोनदा बघते. तक्त्यात त्यासाठी नवीन पान जोडलंय, रकाने तेच तीन.